वॉर्डातलं जगणं मोजायचं असेल तर

केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयानं मार्च 2021 मध्ये 2020 सालचे दोन निर्देशांक एकाच वेळी जाहीर केले. महापालिकेची कामगिरी मोजणाऱ्या यादीत, दहा लाखांवर वस्तीच्या शहरांमध्ये, आपलं इंदूर पहिलं आलं. राहण्याची सुलभता मोजणाऱ्या यादीत, त्याच गटात, इंदूर नववं. शहर तेच, वर्ष तेच. पहिल्या यादीत कचेरीचं काम तपासलं होतं, दुसरीत माणसाच्या पदरात काय पडतं ते, आणि या दुसऱ्या यादीतले शंभरपैकी तीस गुण थेट नागरिकांना विचारून दिलेले होते. पहिल्या आणि नवव्या क्रमांकाच्या मध्ये जे काही आहे ते गल्लीत उतरल्याशिवाय दिसत नाही. ते कसं मोजायचं, ते इथे लिहिते आहे.

मी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात क्षेत्रकामाला होते. शेड्यूल, म्हणजे छापील प्रश्नावली, काखेत मारून माळव्यातली खेडी आणि इंदुरातले मोहल्ले हिंडण्यात नोकरी गेली. आता रामबागेत राहते, आणि आमच्या मंडळातल्या बायका व कॉलेजातली मुलं आपापल्या भागाची पाहणी करायची म्हणतात तेव्हा त्यांच्याबरोबर बसते. लागतं ते थोडंच: पायी हिंडायची तयारी, एक वही, आणि प्रश्न जसा लिहिला आहे तसाच वाचण्याची शिस्त.

निर्णय आधी, प्रश्न नंतर

पहिल्या बैठकीत प्रश्नावली लिहायला घेऊ नका. आधी एक कागद घ्या आणि या पाहणीनं कोणाचा कोणता निर्णय बदलू शकतो ते लिहा. इंदुरात 85 वॉर्ड आहेत, प्रत्येकाला पार्षद, म्हणजे नगरसेवक, आहे, त्याच्यावर झोनचं कार्यालय, त्यावर महापालिका. पाण्याची वेळ झोनच्या पातळीवर ठरते. संजीवनी क्लिनिक, म्हणजे मोहल्ल्यातला सरकारी दवाखाना, आरोग्य खात्याकडे, अंगणवाडी महिला व बाल विकासकडे. जो निर्णय पार्षदाच्या हातातच नाही त्याबद्दल पार्षदाला आकडे देऊन उपयोग नाही.

म्हणून ‘पाणी पुरतं का?’ एवढ्यावर थांबायचं नाही. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर येतं आणि आपल्या बऱ्याच भागांत एक दिवसाआड मिळतं. ते पहाटे सोडलं तर कामाला लवकर जाणारी बाई भरू शकते, पण रात्रपाळीहून आलेला माणूस झोपलेला असतो. ‘वेळ दोन तासांनी पुढे नेली तर कोणत्या घरांचं भलं होईल आणि कोणत्या घरांचं नुकसान?’ हा प्रश्न झोनच्या इंजिनिअरला उपयोगी आहे, कारण त्याचं उत्तर मिळालं की तो काहीतरी करू शकतो. कागदावरच्या प्रत्येक प्रश्नासमोर असा एक माणूस आणि एक निर्णय लिहा. ज्या प्रश्नासमोर दोन्ही रकाने रिकामे राहतात तो खोडा. लोकांचा वेळ घेऊन निरुपयोगी माहिती जमवणं हे मला अन्यायाचं वाटतं.

या शहराला ही रीत नवीन नाही. होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस इथे आले तेव्हा त्यांनी आराखडा काढण्याआधी गल्ल्या पायी पालथ्या घातल्या. त्यांचा अहवाल 1918 चा. आधी निदान, मग उपचार, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी दिवाळीची एक मिरवणूकही काढवली. मिरवणूक कोणत्या रस्त्यांनी जाईल ते आधी सांगितलं नव्हतं. ज्या भागानं साफसफाई चांगली केली असेल तिथून ती जाणार होती. लोकांनी घरं-रस्ते झाडून काढले. मोजमाप लोकांच्या हातात दिलं की काय होतं, ते या शहरानं शंभर वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे.

काय मोजायचं

पैसा एकटा पुरत नाही हे आता कोणी नाकारत नाही. 1990 साली अर्थतज्ज्ञ महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारातून मानव विकास निर्देशांक आला: आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न. आणि राज्य पातळीवरचा मानव विकास अहवाल काढणारं भारतातलं पहिलं राज्य आपलं मध्य प्रदेश, 1995 मध्ये. हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. पुढे 2009 मध्ये स्टिग्लिट्झ, सेन आणि फितुसी या अर्थतज्ज्ञांच्या आयोगानं जगण्याच्या आठ बाजू मांडल्या: भौतिक राहणीमान, आरोग्य, शिक्षण, काम आणि रोजचे व्यवहार, कारभारातला आवाज, माणसांचा संबंध, परिसर, आणि असुरक्षितता. एका वॉर्डासाठी आठही घेऊ नका. चार घ्या, पण नीट घ्या. आमच्याकडे पाणी, दवाखाना, बाईचा वेळ आणि अडीनडीला माणूस मिळतो का, या चारांवर भर असतो.

इथे एक भेद मनात पक्का करा. पाइप टाकला, ही एक गोष्ट. त्यातून पाणी वाहतं, ही दुसरी. शेवटच्या घरातल्या हंड्यात ते किती वाजता आणि कसं पडतं, ही तिसरी. सरकारी तक्ते पहिल्यावर थांबतात. 1990 च्या दशकात इंदूरच्या झोपडवस्त्यांत गटार, रस्ते, पाणी यांचं जाळं टाकण्याचं मोठं काम झालं, त्याला 1998 मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. नंतर अभ्यासकांनी त्याच गटारांच्या प्रत्यक्ष अवस्थेवर कठोर प्रश्न उभे केले. तुम्ही तिसरी गोष्ट मोजा. ती मोजायला गल्लीतल्याच माणसासारखं योग्य कोणी नाही.

घरांची यादी आणि निवड

आमच्या भाषेत याला लिस्टिंग म्हणतात, आणि पाहणी बिघडते ती बहुतेक इथेच. मतदार यादी किंवा वीजबिलं घेऊन बसू नका. गल्लीच्या एका टोकाला उभे राहा, उजव्या हाताची घरं धरून चाला, दारावर खडूनं आकडा टाका. जिन्याखाली राहणारा चौकीदार, गच्चीवरच्या खोलीतलं भाडेकरू जोडपं, किराण्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीतली म्हातारी, भंवरकुआँकडे असाल तर कोचिंगची पोरं: हे सगळे यादीत आले पाहिजेत. चूल वेगळी तर घर वेगळं, एवढा नियम पाळा.

समजा 600 घरं निघाली. 120 निवडायची तर प्रत्येक पाचवं. सुरुवात कुठून, ते 1 ते 5 च्या चिठ्ठ्यांतून एक उचलून ठरवा. 3 आली तर 3, 8, 13, 18 असं पुढे. एवढ्या नमुन्यातून निघालेली टक्केवारी साधारण आठ टक्के इकडे-तिकडे असू शकते. ‘निम्म्या घरांना’ असं म्हणायचं असेल तर हे चालेल. ‘52 टक्के की 55 टक्के’ यावर भांडायचं असेल तर चालणार नाही. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकून आलेली उत्तरं किती का असेनात, ती ग्रुपमध्ये असलेल्यांची असतात. त्यावरून वॉर्डाबद्दल बोलू नका.

निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारचं घर घ्यायचं नाही. संध्याकाळी जा, रविवारी जा. दिवसा कुलूप असणारी घरं म्हणजे नवरा-बायको दोघं कामाला जाणारी घरं; ती सोडली तर सगळी पाहणी घरी असणाऱ्यांचीच होते. घरात कोणाशी बोलायचं हेही आपण निवडायचं नाही. मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस यापुढे सगळ्यात आधी येतो त्याच्याशी बोलायचं. वाढदिवस ठाऊक नसेल तर घरातल्या मोठ्या माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाका.

प्रश्न विचारणं

हा भाग सावकाश वाचा.

प्रश्न तीन जातींचे असतात: जे आपण स्वतः पाहून-मोजून लिहितो, जे माणूस आठवून सांगतो, आणि जे त्याला वाटतं. तिन्हींच्या पद्धती वेगळ्या.

पाहून-मोजून लिहायच्या गोष्टींवर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. पंधरा लिटरची बादली भरायला नळाला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा. पाण्यातलं क्लोरीन तपासायचा छोटा संच मिळतो. थेंब टाकून रंग तक्त्याशी जुळवायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात उरलेलं मुक्त क्लोरीन लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम असावं असं म्हटलं आहे. हे टाकीजवळच्या घरात तपासून उपयोग नाही, लाइनच्या अगदी शेवटच्या घरात तपासा, आणि पाणी थेट नळाचं घ्या, हौदातलं नको. दवाखान्याचं अंतर नकाशावर बघू नका. गुडघे दुखणाऱ्या एखाद्या आजींबरोबर, त्यांच्या चालीनं, घरापासून क्लिनिकच्या पायरीपर्यंत जा आणि मिनिटं लिहा. वाटेत त्या कुठे थांबल्या, कुठे रस्ता ओलांडताना घाबरल्या, तेही लिहा.

आठवून सांगायच्या प्रश्नात काळ नेमका हवा. ‘हल्ली आजारी पडता का?’ असं नको. ‘गेल्या 30 दिवसांत असा दिवस गेला का, की दुखण्यामुळे रोजचं काम झालं नाही?’ असं हवं. आणि एकाच गोष्टीसाठी दोन काळ विचारू नका. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 1999-2000 च्या 55 व्या फेरीत अन्नावरचा खर्च 7 दिवसांचा आणि 30 दिवसांचा असा शेजारी शेजारी विचारला गेला. एक आकडा सांगितला की माणूस दुसरा त्याला जुळवून सांगतो. देशातली गरिबी खरंच किती कमी झाली, यावर त्यानंतर अर्थतज्ज्ञांचा मोठा वाद चालला. दोन रकान्यांची मांडणी बदलली आणि देशभराची तुलना अडली.

वाटण्याचे प्रश्न विचारायला लोक बिचकतात. बिचकू नका, पण आधी विचारा. शिडीचा प्रश्न अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी 1965 मध्ये मांडला आणि आजही जगभर तोच वापरतात. मी तो असा वाचते: ‘दहा पायऱ्यांची शिडी आहे असं समजा. सगळ्यात वर, दहावर, तुमच्यासाठी जितकं चांगलं जगणं शक्य आहे तितकं चांगलं. जमिनीवर, म्हणजे शून्यावर, जितकं वाईट होऊ शकतं तितकं वाईट. आज तुम्ही कुठे उभे आहात?’ शिडीचं चित्र काढून समोर धरा, माणूस बोट ठेवतो. हा प्रश्न पहिला ठेवण्याचं कारण आहे. अमेरिकेतल्या गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत आधी राजकारणाचे प्रश्न विचारले की लोकांनी स्वतःच्या आयुष्याला दिलेले गुणच खाली येत होते. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी ते दाखवून दिलं. तुम्ही आधी अर्धा तास गटार आणि टँकरबद्दल बोललात आणि मग शिडी दाखवलीत तर माणूस गटाराबद्दलच उत्तर देईल.

आता बायकांच्या उत्तरांबद्दल. अमर्त्य सेन यांनी एक जुनी पाहणी पुन्हा पुन्हा पुढे आणली आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, 1944 मध्ये, कलकत्त्याजवळ सिंगूरला विधुर आणि विधवा यांना प्रकृती विचारली. आजारी किंवा यथातथा असं म्हणणारे विधुर 48.5 टक्के निघाले, विधवा फक्त 2.5 टक्के. त्या बायकांची प्रकृती चांगली होती असं कोणीही म्हणणार नाही. स्वतःच्या दुखण्याला दुखणं म्हणायची सवयच त्यांना नव्हती. इंदुरातही मी सासूबाईंसमोर बसलेल्या सुनेला प्रकृती विचारली की ‘बरी आहे, काही नाही’ हेच ऐकलं आहे. म्हणून तीन गोष्टी करा. बाईशी बोलायला बाईच जाऊ दे. शक्य तितकं एकटीशी बोला. जमत नसेल तर तिला ओट्यावर किंवा गच्चीवर बोलवा, नाहीतर ती पोळ्या लाटत असताना स्वयंपाकघरात उभं राहून बोला. आणि ‘कशा आहात’ या उत्तरावर कधीच विसंबू नका, त्याच्या जोडीला कामाचा आणि वेळेचा हिशोब घ्या.

वेळेचा हिशोब घ्यायची रीत केंद्राच्या वेळ-वापर सर्वेक्षणात आहे: कालचा दिवस, पहाटे 4 ते आज पहाटे 4, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. ‘चारला झोपलेल्या होतात का? मग उठल्यावर पहिलं काय केलं?’ असं पुढे पुढे. 2019 च्या त्या सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. मला हा रकाना सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘मी काहीच करत नाही, घरीच असते’ असं म्हणणाऱ्या बाईचा दिवस समोर भरत जातो आणि तिचं तिलाच दिसतं की पाण्यासाठी जागण्यात किती गेलं. पाण्याची वेळ बदलायची मागणी करायला यापेक्षा जोरदार कागद मी पाहिलेला नाही.

भाषेबद्दल थोडक्यात: आपल्या एका गल्लीत मराठी, हिंदी, माळवी, सिंधी सगळं बोलतात. प्रश्न निदान मराठी आणि हिंदीत लिहून ठेवा आणि विचारणाऱ्यानं दारात उभं राहून मनानं भाषांतर करू नये.

आकडे मांडताना

सरासरीवर थांबू नका. एका गल्लीत दहाही घरं शिडीवर 6 वर आहेत. दुसऱ्या गल्लीत पाच घरं 9 वर आणि पाच 3 वर. सरासरी दोन्हीकडे 6. पण दुसऱ्या गल्लीत अर्धी माणसं अडचणीत आहेत आणि ती कोण आहेत हे शोधायला हवं. म्हणून सरासरीबरोबर ‘4 किंवा खाली असलेली घरं किती’ हे नेहमी सांगा. मानव विकास निर्देशांकानंही 2010 पासून साधी सरासरी सोडून भूमितीय (आकडे बेरजेऐवजी गुणून काढलेली) सरासरी घेतली, त्यामागे हाच विचार होता: एका बाजूच्या श्रीमंतीनं दुसऱ्या बाजूची उणीव पूर्ण झाकली जाऊ नये.

वंचितता एका आकड्यात सांगायची असेल तर अल्कायर आणि फॉस्टर यांची रीत घ्या. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांकही तिच्यावरच उभा आहे: 12 निकष, आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांना प्रत्येकी एकतृतीयांश भार, म्हणजे हिशोबातलं वजन, आणि ज्या घराच्या उणिवा एकूण भाराच्या एकतृतीयांशाला पोहोचतात ते गरीब. वॉर्डासाठी तुम्ही निकष कमी ठेवा. समजा 120 पैकी 30 घरं वंचित ठरली, म्हणजे 25 टक्के. या 30 घरांत सरासरी 40 टक्के गोष्टींची उणीव आहे. 0.25 गुणिले 0.40, म्हणजे 0.10. हा तुमचा निर्देशांक. पुढच्या वर्षी कोणी वंचित घरांची संख्या तशीच ठेवून त्यांच्या उणिवा कमी केल्या तरी हा आकडा खाली येतो. नुसती टक्केवारी ते दाखवत नाही.

भार कसे ठरवले ते अहवालात उघड लिहा, आणि भार थोडे बदलून पाहा. पाण्याचा भार कमी करताच सगळा क्रम उलटत असेल तर तो निष्कर्ष डळमळीत आहे, तो छापू नका. पाच-सात घरांच्या गटाची टक्केवारी देऊ नका. एक तर ती खोटी अचूकता, आणि दुसरं म्हणजे घर ओळखू येतं. नावं आणि पत्ते वेगळ्या वहीत ठेवा.

आपल्या राज्यानं 2016 मध्ये आनंद विभाग काढला, देशात पहिला. माणसाला कसं वाटतं हे सरकारनं विचारावं याचं मला मनापासून स्वागत आहे. फक्त आनंदाचा आकडा नळाच्या आकड्याशेजारी छापा, त्याच्या जागी नको. सिंगूरच्या बायका आठवा: अंगवळणी पडलेल्या दुःखाची तक्रार कोणी करत नाही, म्हणून ते दूर करायची गरज संपत नाही.

आधी गल्लीत, मग झोनला

अहवाल एका पानाचा करा आणि तो पहिल्यांदा ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्यासमोर वाचा, एखाद्या अंगणात, संध्याकाळी. लोक लगेच सांगतात की अमुक आकडा चुकीचा वाटतो, किंवा त्यामागचं कारण वेगळं आहे. ते लिहून घ्या. मग पार्षद, मग झोन. बजेट मांडलं जाण्याच्या बरंच आधी जा. एका पानावर तीनच मागण्या असाव्यात आणि प्रत्येकीसमोर अधिकाऱ्याचा हुद्दा.

मागणी मान्य झाली तर काम संपत नाही, कारण वेळ बदलल्यानं खरंच फरक पडला का ते बघायचं असतं. त्यासाठी बदल होण्याआधीच शेजारच्या, जिथे बदल होणार नाही अशा एका गल्लीचीही पाहणी करून ठेवा. दोन्हीकडे सुधारणा दिसली तर कारण पाऊस किंवा आणखी काही असेल. फक्त इकडेच दिसली तर वेळेचा गुण. पाण्याची पाहणी मे महिन्यात केली असेल तर पुढचीही मे महिन्यातच, तेच प्रश्न, त्याच क्रमानं, आणि शिडी पहिली. घरांच्या यादीवरून मात्र पुन्हा एकदा चाला, कारण वर्षभरात भाडेकरू बदलतात, गच्चीवर नवी खोली चढते, आणि तिथल्या माणसांनाही यादीत जागा हवी.